पाट्यावरून उठलेली दोमितिला

सान मातेओ गावात मुलीला सातवं लागलं की तिला पाटा मिळायचा. खेळण्यातला नव्हे, खरा. दगडाचा, तीन पायांचा, पुढे उतरता, फक्त आकाराने लहान. सोबत तिच्या मुठीत मावेल असा वरवंटा. बाप तो बाजारातून पाठीवर घालून आणायचा, आई पोरीला त्याच्यामागे गुडघे टेकून बसवायची, आणि तिचं लहानपण तिथेच आटपायचं. कुणाला त्यात वाईट वाटत नसे. उलट शेजारणी येऊन पोरीचे दंड चाचपून बघत आणि म्हणत, "चांगली वाटील हो ही!"

दोमितिलाला तिचा पाटा मिळाला तेव्हा ती शाळेत जात होती. गावात शाळा नवीनच निघाली होती आणि मास्तर मुलींनाही बसवून घ्यायचे. तिला अक्षरं ओळखता यायला लागली होती, जोडून वाचायचं तेवढं राहिलं होतं. ते राहिलंच. चुन्याच्या पाण्यात शिजवून ठेवलेला मका पहाटे धुवायचा, मग वाटायचा. आधी भरड, मग मध्यम, मग लोण्यासारखा. घरात खाणारी तोंडं ही एवढी. सकाळचं वाटण संपेपर्यंत शाळेची घंटा होऊन जायची, आणि भाकऱ्या थापून होतात न होतात तोच दुपारचा मका पुढ्यात. मास्तर एकदा विचारायला घरी आले, तर दोमितिलाची आई पाट्यावरून न उठताच म्हणाली, "मास्तर, तुमच्या घरी अक्षरं खातात का?" मास्तर दारातूनच परत गेले. आईशेजारी वाटत बसलेल्या दोमितिलाला असा राग आला, की वरवंटा आपटताना तिने स्वतःचंच बोट चेचून घेतलं. ते नख पुढे जन्मभर वाकडंच उगवलं.

लग्न झालं ते फिलेमोनशी. माणूस वाईट नव्हता. कष्टाळू होता, दारू फक्त जत्रेत प्यायचा, आणि आईचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. आमच्याकडे लग्नात नवरीला मोठा पाटा द्यायचा तो बाप्तिस्म्याच्या धर्मबापाने. तिचे धर्मबाप नाबोरबुवा यांनी पाट्याला निळा रंग दिला, कडेने लाल फुलं काढून घेतली आणि मध्ये तिचं नाव घातलं. मग तो धोंडा पाठीला बांधून म्हातारबुवा बँडच्या तालावर चौकभर नाचले. लोक हसून हसून बेजार. दोमितिलाने पाट्यावरचं एकेक अक्षर ओळखलं आणि पहिल्यांदाच ती जोडून वाचली. दो-मि-ति-ला. तिच्या मनात आलं, वाचता आलं ते नेमकं यावर! हसावं की रडावं तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासू समोर येऊन बसली. दोन्या त्रान्सितो, म्हणजे त्रान्सितोबाई. गावात हिच्या हातच्या भाकरीचं नाव निघायचं. सूनबाईने वाटलेलं चिमूटभर तिने बोटांत चोळलं आणि म्हणाली, "पुन्हा." दोमितिलाने पुन्हा वाटलं. "पुन्हा." तिसऱ्या वेळी काहीच म्हणाली नाही, उठून गेली. तेवढंच कौतुक.

पाट्यावरचा रंग महिन्याभरात धुऊन गेला. नाव मात्र एका कडेला धरून राहिलं होतं.

तिला मुलगी झाली, ओब्दुलिया. पोर पहिल्यापासून बोलघेवडी. शाळेत गेली आणि घरी येऊन भिंतीवर कोळशाने अक्षरं काढायला लागली. आजी ओरडायची, आई पुसायची, पण पुसण्याआधी प्रत्येक अक्षर नीट बघून घ्यायची. शेंगा शिजत असल्या की पोरगी आईला शिकवायची. दोमितिलाचं वाचायचं राहून गेलं होतं ते असं, चुलीपुढे, स्वतःच्या पोरीकडून सुरू झालं. आणि मग एके दिवशी फिलेमोन बाजारातून आला तो पाठीवर पोतं घेऊन. पोतं कोपऱ्यात ठेवताना दगडाचा आवाज झाला.

"जत्रेला सातवं लागतंय ना तिला," तो म्हणाला. फार खुशीत होता बिचारा. "तेइतिपाकचा आहे. सगळ्यात चांगला दगड."

दोमितिलाने पोत्यात हात घालून आतला लहानसा वरवंटा चाचपला. वाकड्या नखाचं बोट ठणकलं. तिने त्याच क्षणी ठरवलं, आपली पोर यामागे बसणार नाही. कशी बसणार नाही ते ठाऊक नव्हतं. घरात बायका दोन. सासूचे गुडघे कामातून गेलेले. एकटीने सगळ्यांचं वाटायचं म्हणजे दिवस तिथेच. पोरगी हाताखाली आली नाही तर भाकऱ्या होणार कशा? हे सगळं खरंच होतं. तरी नाही म्हणजे नाही.

त्याच सुमाराला एवारिस्तोने देवळामागे गिरणी घातली. डिझेलचं इंजिन, वर पितळी नळकांडं, आत दोन दगड. टक्-टक्-टक् आवाज पार ओढ्यापलीकडे जायचा. बायकांनी धुतलेल्या मक्याची बादली न्यायची आणि परत येताना वाटण आणायचं. अर्धा दिवस खाणारं काम, आणि चार गप्पा मारेपर्यंत झालंसुद्धा! पुरुषांना ते मुळीच रुचलं नाही. भाकरीला लोखंडाचा वास येतो म्हणे. बायका पहाटे गल्ल्यांतून हिंडणार, घोळक्याने उभ्या राहून घराघरांतलं बोलणार, मग त्यांना घर धरवणार आहे का? चौकातल्या बाकावर दिवसभर बसून राहणारी माणसं बायका रिकाम्या बसतील म्हणून काळजी करत होती. आता बोला!

दोन्या त्रान्सितोने तर साफ सांगितलं, "या घरात यंत्राचं वाटण येणार नाही."

"बरं, आत्याबाई," दोमितिला म्हणाली. आणि दुसऱ्याच पहाटे मागच्या दाराने बादली घेऊन गेली.

नुसतं वाटण आणून भागलं नसतं. म्हातारी अंथरुणात पडून कान देऊन ऐकायची. पाट्याचा आवाज आला नाही तर ओरडलीच असती. म्हणून दोमितिला गिरणीचं वाटण पाट्यावर घालून वरून एकदाच वरवंटा फिरवायची, अगदी हळू, लांबवत लांबवत. खर्रर्र, खर्रर्र. त्याने लोखंडाचा वासही जायचा. फिलेमोन भाकरी मोडायचा आणि म्हणायचा, "गिरणीच्या भाकऱ्या खाणाऱ्यांची मला कीव येते बुवा." दोमितिला तव्याकडे तोंड करून हसायची. मधल्या वेळात ती शेळ्या बघायची, पाणी आणायची, आणि ओब्दुलियाला शाळेत पिटाळायची.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तिने नको तिथे घाई केली. पाट्याचा दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावतात, छिन्नीने टोचून खडबडीत करतात, हे पाळण्यातल्या पोरीला ठाऊक. आणि टाकी लावल्यावर पहिलं वाटण कोंबड्यांना घालतात, कारण त्यात दगडाची कच उतरते. गिरणीच्या दगडांनाही टाकी लागतेच की! पण यंत्र म्हटल्यावर पहिलं वाटण बाजूला काढायचं हे कुणाच्या मनातच आलं नाही, ना एवारिस्तोच्या, ना बायकांच्या. त्या पहाटे दगड नवीन टाकी लावलेले होते, आणि लवकर घरी परतायचं म्हणून दोमितिला रांगेत सगळ्यांच्या पुढे घुसली. पहिलं वाटण तिचं.

फिलेमोनने पहिला घास घेतला आणि दाताखाली करकर झालं. "काय गं हे?"

"पाट्याला टाकी लावली," ती चटकन म्हणाली.

दोन्या त्रान्सितोने तोंडातला घास हातावर काढला, कच बोटांत चोळली. मग भिंत धरत उठली, पाट्यापाशी गेली आणि त्यावरून तळवा फिरवला. "टाकीवाला जत्रेला येतो. जत्रेला अवकाश आहे," ती म्हणाली. "आणि हा तर माझ्या टकल्या भावाच्या डोक्यासारखा लागतोय. बादली कुठं लपवतेस?"

आता खोटं बोलून उपयोग नव्हता. दोमितिलाने मागच्या दाराआडची बादली आणून मधोमध ठेवली.

"म्हणजे मी रोज लोखंड खातोय?" फिलेमोन ओरडला.

"हो. आणि बोटं चाटताय."

तो आणखी भडकला. पण त्याचं ओरडणं दोमितिला ऐकतच नव्हती. तिचं लक्ष सासूकडे होतं. म्हातारी शिव्या देईल असं तिला वाटलं होतं. म्हातारी खाली बसली आणि तिने झगा गुडघ्यांच्या वर घेतला. गुडघे कसले, काळे घट्टे पडलेल्या दोन गाठी होत्या.

"मग हे कशापायी गेले?" ती म्हणाली. "माझ्या सासूने मला बसवलं. मी तुला बसवलं. आणि आता एक डबडं टकटक करणार आणि झालं? मग आम्ही फुकटच गुडघे झिजवले म्हण की. आम्ही काय मूर्ख होतो?"

 या बाईचा दोमितिलाने आजवर राग केला होता, भीतीही बाळगली होती. तिची दया पहिल्यांदाच आली. "मूर्ख नव्हता, आत्याबाई. तुमच्यापुढे दुसरं काही नव्हतं. माझ्या पोरीपुढे आहे."

"पोरीचं नाव काढू नकोस," फिलेमोन म्हणाला. "गिरणी बंद. आणि जत्रा झाली की ती पाट्यावर बसेल, तिची आई बसली तशी."

"नाही बसणार."

"दगड आणलाय मी तिच्यासाठी!"

"आणलात ते बरं केलंत. कोंबड्यांना पाणी प्यायला भांडं हवंच होतं."

असं आमच्या गावात नवऱ्याला कुणी बोललं नव्हतं.  फिलेमोन टोपी घेऊन बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी दोमितिला मागच्या दाराने गेली नाही. उजाडू दिलं. डोक्यावर बादली, हाताला ओब्दुलिया, आणि ओब्दुलियाच्या हातात पाटी. चौकातून, देवळासमोरून, बाकावरच्या सगळ्या टोप्यांच्या पुढून. चाल तिने मोडू दिली नाही.

"दोमितिला, हात मोडले वाटतं!" एकाने टोमणा मारला.

"शाबूत आहेत. जवळ ये, दाखवते."

बाकीचे त्यालाच हसले. पोरीला शाळेच्या दारात सोडून ती गिरणीत गेली.

फिलेमोनने घरच्या अन्नाला हात लावला नाही. खालच्या आळीत त्याची बहीण राहायची, कासिमिरा. तो रोज तिच्याकडे जेवायला जाऊ लागला. तेही गुपचूप नव्हे. अंगणात बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "याला म्हणतात भाकरी! बाईच्या हातची!"  कासिमिरा मान खाली घालून त्याच्या पानात आणखी एक टाकायची. इकडे घरात दोमितिला त्याचं पान वाढून ठेवायची आणि गार झालं की डुकराला घालायची. लोकांनी तिला फार समजावलं. तिच्या सख्ख्या आईने निरोप धाडला, की पाय धर आणि मिटव. पाय धरायला गुडघे टेकावे लागतात, एवढंच तिने परत कळवलं.

मग एका रविवारी देऊळ सुटल्यावर सगळं गाव चौकात असताना एवारिस्तोने लांबून हाक मारली, "अरे फिलेमोन! बहिणीला सांग, तिची बादली कालपासून गिरणीतच राहिलीय. रोज येते, आणि बादलीच विसरते!"

 आणि मग जे हसू फुटलं ते काही थांबेना. पाद्रीबाबासुद्धा पाठ फिरवून हसले. कासिमिराने ओढणीत तोंड लपवलं. फिलेमोन कानापर्यंत लाल झाला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि तरातरा घरी आला. खाली बसला. पान पुढे ओढलं.

"मीठ दे," तो म्हणाला.

दोमितिलाने मीठ दिलं. एक अक्षरही बोलली नाही. बोलली असती तर माणूस उठून गेला असता, हे तिला कळत होतं. जत्रा आली, गेली. कोपऱ्यातलं पोतं तसंच राहिलं. नंतर एके सकाळी त्यातला लहान पाटा अंगणात उपडा दिसला आणि त्याच्या तीन पायांमधल्या खळग्यात कोंबड्या पाणी पीत होत्या. तो तिथे फिलेमोननेच नेऊन ठेवला होता.

दोन्या त्रान्सितो मात्र शेवटपर्यंत बधली नाही. "माझ्या तोंडात ते जाणार नाही." आणि गंमत बघा, तिच्यापुरता मूठभर मका दोमितिला रोज पाट्यावर वाटायची. तीनदा. कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारीच्या हातात आपलं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं, आणि ते आपण ओढून घ्यावं असं तिला वाटेना. म्हातारी चिमूट घेऊन चोळायची आणि काहीच म्हणायची नाही. ज्या दिवशी ती गेली, त्या दिवशी दोमितिलाने पाटा धुऊन भिंतीला टेकवला आणि परत त्याच्यामागे बसली नाही.

पुढे काय काय आलं आणि गेलं! विजेचे खांब आले, इंजिनाची टकटक गेली. रस्ता आला आणि त्याच रस्त्याने ओब्दुलियाच्या पाठचे दोन मुलगे उत्तरेला, सीमेपलीकडे गेले ते तिकडचेच झाले. गॅस आला, मातीचे हंडे जाऊन प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या, भाकऱ्या कागदात गुंडाळून किलोवर मिळायला लागल्या. त्या भाकऱ्या दोमितिलाला आवडायच्या नाहीत, पण तसं ती बोलायची नाही. फिलेमोन म्हातारा होऊन गेला. ओब्दुलिया शिकली, ओआहाका शहरात सरकारी दवाखान्यात नर्स झाली आणि रिटायरही झाली. तिचे गुडघे बघून दोमितिला म्हणायची, "मुलीसारखे आहेत हो अजून."

ओब्दुलियाची मुलगी यारेली. हिने शहरात खानावळ काढायची ठरवली. नव्वदी ओलांडलेल्या आजीकडे आली आणि म्हणाली, "आजी, तुझा लग्नातला पाटा देतेस? दर्शनी ठेवीन, शोभेला."

"ने की. इथं नुसता धूळ खातोय."

खानावळ उघडायच्या दिवशी ओब्दुलिया आईला घेऊन गेली. गर्दी होती, जेवण अजून वाढायचं होतं. माणसं हातात फोन धरून कशाच्या तरी भोवती उभी होती. दोमितिला काठी टेकत पुढे झाली. मध्ये तिचा पाटा. आणि पाट्यामागे गुडघे टेकून, बाह्या सारून, घामाघूम होऊन यारेली मका वाटत होती.

"ऊठ!"

म्हातारीचा आवाज असा निघाला की फोन खाली आले.

"आजी, अगं..."

"ऊठ आधी! शोभेला म्हणालीस ना? यासाठी गावाशी भांडले मी? यासाठी तुझ्या आईला शाळेत घातलं? तुला परत इथंच यायचं होतं, तर मी फुकटच उठले म्हण की!"

बोलली आणि तिच्या ध्यानात आलं. हे शब्द आपले नव्हेत. हे तिने ऐकले होते, चुलीपुढे, झगा गुडघ्यांवर घेऊन बसलेल्या बाईच्या तोंडून. 

यारेली उठली होती. हात पुसत समोर आली. चिडली होती, पण आवाज चढवला नाही. "उठले, बघ. मला हवं तेव्हा उठते मी. कंटाळा आला की कोपऱ्यावरच्या गिरणीतून आणते. मला कुणी बसवलं नाहीये, आजी. मला याची चव आवडते. आणि तू पणजीसाठी वाटायचीसच ना रोज? आई सांगते. तुझ्यावर कुणी बळजबरी केली होती?"

"नव्हती."

"मग?"

 दोमितिला वाकली, पाट्यावरचं चिमूटभर उचललं आणि वाकड्या नखाच्या बोटाने चोळलं. 

"टाकी लावलीस?"

"काल लावून घेतली."

"आणि पहिलं वाटण कुठं घातलंस?"

"पहिलं वाटण म्हणजे?"

"अगं बाई माझे! पहिलं वाटण कोंबड्यांना घालतात! कच आहे यात. आल्या पाहुण्यांचे दात पाडतेस का?"

सगळे हसले. हसण्यात ओब्दुलियाचा आवाज सर्वांत मोठा. यारेलीने कपाळाला हात लावला. "आता गं? आजच्या दिवसाला?"

"आजचं गिरणीतून आण. वरून एकदा पाट्यावरून काढ, हळू, लांबवत. कुणाला कळणार नाही." दोमितिलाने मान वर केली. "उद्यापासून तुझी मर्जी. पण तुझ्या पोरीला सातवं लागल्यावर तिच्यासाठी पाटा आणलास, तर मी थडग्यातून उठून येईन."

"आणि तिनेच मागितला तर?"

म्हातारीने पाट्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कडेच्या खाचेत निळा रंग अजून कणभर होता.

"मागितला तर दे. पण आधी उठायला शिकव."

गिरणीचं वाटण आलं. यारेलीने तव्यावरची पहिली भाकरी मीठ लावून आजीच्या हातात दिली. कुणीतरी घाईघाईने खुर्ची आणली. दोमितिलाने ती हाताने बाजूला सारली आणि भाकरी उभ्यानेच खाल्ली.